भोपळ्याला हरकत कोणाची?

१९९७च्या ऑक्टोबरात पॅरिसमध्ये आयफेल टॉवरसमोरच्या त्रोकादेरोच्या बागेत हजारो लाल भोपळे येऊन पडले. शेतकऱ्यांचं आंदोलन वगैरे नव्हतं. फ्रान्स टेलिकॉमला हॅलोविनच्या निमित्ताने 'ओलाविन' नावाचा मोबाइल फोन खपवायचा होता, त्याची ही जाहिरात. मग बेकऱ्या, खेळण्यांची दुकानं, बार असे सगळेच हॅलोविनच्या मागे लागले. हा फुगा काही वर्षांतच बसला. २००२ साली पॅरिसच्या कॅथलिक धर्मप्रांताने हॅलोविनच्याच संध्याकाळी 'होलीविन्स' नावाचा स्वतःचा सोहळा भरवला, आणि 'हे अमेरिकी खूळ आम्हाला नको' असं म्हणणाऱ्यांत चर्चची पायरी न चढणारेही पुष्कळ होते.

हॅलोविनला विरोध म्हटलं की भुताखेतांचं भय किंवा कर्मठपणा डोळ्यांपुढे येतो. पण बहुतेक ठिकाणी भांडण भुतांशी नाही, तारखेशी आहे. १ नोव्हेंबरला फ्रान्समध्ये 'तूसाँ' म्हणजे सर्व संतांच्या दिवसाची सुट्टी असते. लोक गावी जाऊन आपल्या माणसांच्या कबरींवर कुंड्याच्या कुंड्या शेवंती ठेवतात. आपल्याकडे वेणीत माळायची ही शेवंती तिथे इतकी स्मशानाची, की कुणाच्या घरी जेवायला जाताना ती घेऊन गेलात तर यजमानांचा चेहराच उतरेल. अशा दिवसाच्या आदल्या रात्री प्लॅस्टिकचे सांगाडे दारात टांगायचे, हे पचणं कठीणच होतं. २ नोव्हेंबरला कबरी साफसूफ करून मेणबत्त्या लावणाऱ्या वसई-गोव्यातल्या कॅथलिक घरांना ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही.

गंमत अशी, की हॅलोविनही याच घरातलं. आयर्लंड-स्कॉटलंडात हिवाळ्याच्या तोंडावर साविन नावाचा जुना सण असे, त्याच सुमाराला पुढे चर्चचा सर्व संतांचा दिवस आला, आणि त्याची आदली रात्र ती हॅलोविन. आयरिश घरात त्या रात्री बार्मब्रॅक नावाचा मनुके घातलेला पाव कापत. ज्याच्या तुकड्यात अंगठी निघेल त्याचं वर्षात लग्न, चिंधी निघेल त्याच्या नशिबी दारिद्र्य. दिव्यासाठी भोपळा नव्हे, शलगम कोरत. अशा कोरीव शलगमाचा एक साचा मेयो परगण्यातल्या संग्रहालयात आहे. त्याचा सुकलेला, दात विचकणारा चेहरा पाहिला की भोपळा फारच सोज्वळ वाटतो. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश अमेरिकेत गेले आणि तिथे त्यांच्या हाती कोरायला सोपा भोपळा लागला.

खुद्द आयर्लंडच्या शेजारच्या इंग्लंडमध्ये हा सण बराच काळ मागे पडला, कारण होळी पेटवायला ५ नोव्हेंबर होताच. १६०५ साली गाय फॉक्स आणि साथीदारांचा संसद उडवायचा कट फसला. पुढच्याच वर्षी त्याबद्दल देवाचे आभार मानणं कायद्याने सक्तीचं झालं. तो कायदा थेट १८५९ साली रद्द झाला.

जर्मनीत ३१ ऑक्टोबर धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरचा. १५१७ साली त्याने विटेनबर्गमध्ये आपली प्रमेयं मांडली, त्याचा तो दिवस. तिथे हॅलोविन आलं ते आखाती युद्धामुळे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. १९९१ साली युद्धाच्या सावटामुळे कार्निव्हलच्या मिरवणुका रद्द झाल्या आणि सोंगांचे कपडे, मुखवटे विकणाऱ्यांचा हंगाम बुडाला. १९९४पासून खेळण्यांच्या उद्योगाने हॅलोविनची पद्धतशीर प्रसिद्धी सुरू केली. प्रोटेस्टंट चर्चने उत्तरादाखल ल्यूथरच्या नावाच्या गोळ्या वाटल्या. म्हणजे हॅलोविनच्या गोळ्यांशी लढाई गोळ्यांनीच. बव्हेरियात तर १ नोव्हेंबर हा 'शांत दिवस', त्यामुळे हॅलोविनच्या पार्टीतलं नाचगाणं कायद्याने पहाटे दोनला थांबवावं लागतं.

मेक्सिकोची तऱ्हा आणखी निराळी. घरी येणाऱ्या मृतांसाठी झेंडूच्या पाकळ्यांच्या पायघड्या घालणारा त्यांचा 'मृतांचा दिवस' २००८ साली युनेस्कोच्या यादीत गेला. अमेरिकी भोपळा हा सण गिळेल, अशी तक्रार तिथे नेहमीच ऐकू येते. मात्र २०१५च्या 'स्पेक्टर' या बॉण्डपटात मेक्सिको सिटीत सांगाड्यांची भव्य मिरवणूक दिसली, जी तिथे कधी निघतच नव्हती. २०१६पासून ती खरोखर निघू लागली!

धर्माची हरकत कुठेच नाही असं नव्हे. मलेशियाच्या मुस्लिम धर्ममंडळाने हा सण मुस्लिमांसाठी निषिद्ध ठरवला. पण २०२२ साली खुद्द रियाधमध्ये सरकारी आशीर्वादाने भुतांचे मुखवटे घालून गर्दी जमली, तेव्हा धर्माचं बोट धरून सगळं समजत नाही हेही दिसलं.

जपानमध्ये मात्र तारखेचा काही प्रश्नच नव्हता. पूर्वजांचा ओबोन उन्हाळ्यात उरकलेला. त्यामुळे हॅलोविनचं स्वागत झालं, आणि तेच अंगाशी आलं. टोकियोच्या शिबुया चौकात रंगीबेरंगी पोशाखांची गर्दी दरवर्षी फुगत गेली. २०१८ साली तिने एक छोटा ट्रक उलटवला. पुढे २९ ऑक्टोबर २०२२ला शेजारच्या दक्षिण कोरियात, सोलच्या इतेवॉन भागात हॅलोविनच्या गर्दीत चेंगरून १५९ जीव गेले. २०२३ साली शिबुयाच्या महापौरांनी 'हॅलोविनला इकडे येऊ नका' असं जगालाच जाहीरपणे सांगितलं. लोक जिथे भेटायचं ठरवतात, तो हाचिको कुत्र्याचा पुतळाही त्या दिवसांत झाकून ठेवला गेला. २०१९पासून फक्त हॅलोविन आणि नववर्षाच्या सुमारास लागू असलेली रस्त्यावर दारू पिण्याची रात्रीची बंदी तिथे ऑक्टोबर २०२४पासून वर्षभराची झाली आहे.