पंच्याहत्तर पेन्सांचा खटला

१९८५ सालच्या नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या ईस्टली गावात एक जोडपं नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर गेलं. दोघंही ६१ वर्षांची. बायकोला प्रवेश फुकट, नवऱ्याला ७५ पेन्स. नियम साधा होता: पेन्शनचं वय झालेल्यांना मोफत. आणि त्या काळी ब्रिटनमध्ये सरकारी पेन्शनचं वय बायकांना ६०, पुरुषांना ६५. नवऱ्याने दावा ठोकला. खालच्या कोर्टांत तो हरला, पण १९९० साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयात, पाचापैकी तीन न्यायाधीशांच्या मताने जिंकला.

आता तुम्ही विचाराल, ७५ पेन्ससाठी इतक्या वरपर्यंत जायला पैसे कुणाकडे असतात? या माणसामागे ब्रिटनचा समान संधी आयोग उभा होता. हा आयोग १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्याने स्थापन झाला आणि त्याच्याकडे येणाऱ्या तक्रारी बहुतेक बायकांच्या असत. नोकरीतून काढलेल्या, पगार कमी मिळालेल्या, गरोदर आहे म्हणून घरी बसवलेल्या. त्यांच्या रांगेत हा आजोबा कसा काय पुढे गेला?

माझ्या पीएचडीचा विषय साधारण हाच आहे. समतेचं काम सोपवलेल्या संस्था हजारो तक्रारींमधून कोर्टात न्यायचा खटला कसा निवडतात? एमएस्सी संख्याशास्त्रात केल्यामुळे मला "नमुना कसा निवडला?" हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. कायद्याची मंडळी निकाल वाचतात. मी निकालाच्या आधीचं वाचायचा प्रयत्न करते.

थोडं मागे जाऊ. ब्रिटनने वंशभेदाविरुद्ध पहिला कायदा १९६५ साली केला आणि रेस रिलेशन्स बोर्ड नेमलं. १९६८ च्या कायद्यात नोकरी आणि घरं हे दोन मोठे विषय आले. पण त्यात एक गंमत होती. भेदभाव झालेल्या माणसाला स्वतः कोर्टात जाता येत नव्हतं. जायचं तर बोर्डानेच जायचं. आणि बोर्डावर बंधन असं की आलेली प्रत्येक तक्रार तपासायचीच. ऐकायला किती न्याय्य वाटतं! प्रत्यक्षात बोर्ड किरकोळ तक्रारींच्या ढिगाखाली दबलं. ज्या कारखान्यात काळ्या कामगारांना बढतीच मिळत नाही तिथून बहुधा तक्रारच येत नसे, कारण तिथल्या माणसाने आशा सोडलेली असे. १९७५ साली सरकारनेच काढलेल्या श्वेतपत्रिकेत ही पद्धत चुकल्याचं मान्य केलं.

मग उलटं केलं. १९७५ आणि १९७६ च्या कायद्यांनी माणसाला थेट दावा लावायचा हक्क दिला, आणि आयोगांना दिलं निवडीचं स्वातंत्र्य. लिंगभेदविरोधी कायद्याच्या कलम ७५ मध्ये मदत देण्याची तीन कारणं आहेत, आणि १९७६ च्या वंशसंबंध कायद्यात जवळजवळ तीच शब्दशः येतात. एक, प्रकरणात तत्त्वाचा प्रश्न असावा. दोन, प्रकरण इतकं गुंतागुंतीचं असावं, किंवा समोरचा इतका बलदंड असावा, की त्या माणसाने एकट्याने लढावं अशी अपेक्षा करणं वावगं ठरावं. तीन, आणखी काही खास कारण. हे तिसरं कारण म्हणजे कायदा लिहिणाऱ्याने उघडी ठेवलेली खिडकी.

अर्ज आला की आयोगाने विचार करायचाच, पण "हो" म्हणायची सक्ती नाही. इथून खरी गोष्ट सुरू होते.

पहिलं आणि दुसरं कारण एकमेकांच्या विरुद्ध दिशेने ओढतात. तत्त्वाचा प्रश्न स्वच्छ दिसावा म्हणून वकिलाला हवी असते निर्विवाद वस्तुस्थिती: कोण काय म्हणालं यावर वाद नको, अर्जदाराची हजेरी-वर्तणूक चांगली, कागद व्यवस्थित. प्रयोगशाळेच्या भाषेत, बाकी सगळे घटक स्थिर आणि एकच बदलता. पोहण्याचा तलाव असाच होता. दोघांचं वय तेच, तलाव तोच, दिवस तोच, फरक फक्त लिंगाचा. नगरपालिकेचा हेतूही चांगला होता, म्हाताऱ्यांना सवलत देण्याचा. म्हणूनच प्रश्न नेमका उभा राहिला: हेतू चांगला असला तरी तो भेदभाव ठरतो का? लॉर्ड्सनी सांगितलं, हेतू बाजूला ठेवा. हा माणूस बाई असता तर त्याला वेगळी वागणूक मिळाली असती का, एवढंच बघा. ही कसोटी पुढे बायकांच्या दाव्यांना वापरता आली. "आमचा तसा हेतू नव्हता" हे मालकांचं आवडतं उत्तर त्यामुळे लंगडं झालं. ७५ पेन्समध्ये आयोगाने हे विकत घेतलं, असं मी म्हणेन. (वकिलांची फी सोडून!)

पण दुसऱ्या कारणात बसणारा माणूस बहुधा असा स्वच्छ नसतो. रात्रपाळीची कामगार, इंग्रजी तोडकंमोडकं, मुकादम तोंडी बोललेला, साक्षीदार नोकरी जाईल म्हणून गप्प. मदतीची गरज तिलाच जास्त, आणि तत्त्वाच्या चाळणीतून गळण्याची शक्यताही तिचीच जास्त. त्यात नोकरीच्या दाव्याला मुदत तीन महिन्यांची. आयोगाच्या टेबलावर फाइल असताना घड्याळ थांबत नाही.

आता बर्मिंगहॅमचं प्रकरण बघा. तिथल्या एका खासगी शाळेच्या मुख्याध्यापकाने एका शीख मुलाला पगडी उतरवून केस कापल्याशिवाय प्रवेश देणार नाही म्हणून सांगितलं. वांशिक समता आयोगाने वडिलांच्या दाव्याला बळ दिलं. वडील स्वतः सॉलिसिटर, म्हणजे "एकट्याला झेपणार नाही" हा मुद्दा तसा कमजोर. मुलगा तोवर दुसऱ्या शाळेत पगडी घालून शिकत होता. मग लढाई कशासाठी? कायद्यात वंश, वर्ण, राष्ट्रीयत्व होतं, धर्म नव्हता. शीख हा 'वांशिक गट' धरायचा की नुसता धर्म, यावर ब्रिटनमधल्या प्रत्येक शिखाचं संरक्षण अवलंबून होतं. १९८२ मध्ये अपील कोर्टात लॉर्ड डेनिंग यांच्या पीठाने दावा फेटाळला आणि हे प्रकरण लढवल्याबद्दल आयोगालाच खडसावलं. मार्च १९८३ मध्ये लॉर्ड्सनी निकाल फिरवला: सामाईक दीर्घ इतिहास आणि स्वतःची सांस्कृतिक परंपरा असलेला समूह वांशिक गट ठरतो. "पगडी काढणं शारीरिकदृष्ट्या शक्य आहे ना?" हा युक्तिवादही गेला, आपली परंपरा न सोडता शक्य आहे का, ते बघायचं. आयोगावरची टीकाही लॉर्ड्सना अन्यायाची वाटली.

अपील कोर्टात तिथेच गाडी अडकली असती तर? खटला न लावल्यावर कायदा संदिग्ध राहतो. लावून हरल्यावर तो तुमच्याविरुद्ध पक्का होतो. निवड करणाऱ्याच्या डोक्यावर ही टांगती तलवार कायम असते, आणि आयोग कधी कधी भित्रे का वाटतात याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

काही वेळा माणूस शोधण्यापेक्षा आयोगाने स्वतःच सरकारला कोर्टात खेचणं सोयीचं. त्या वेळच्या कायद्यानुसार आठवड्याला १६ तास काम करणाऱ्याला दोन वर्षांत नोकरीचं संरक्षण मिळे. ८ ते १६ तासवाल्याला पाच वर्षं थांबावं लागे. अर्धवेळ कामगारांत बहुसंख्य बायका, म्हणून हा अप्रत्यक्ष भेदभाव. १९९० मध्ये आयोगाने मंत्र्यांना पत्र लिहिलं, मंत्र्यांनी नकार कळवला, आणि त्या नकारावरच दावा झाला. खालच्या दोन कोर्टांत हार, पण मार्च १९९४ मध्ये लॉर्ड्सनी या अटी युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवल्या. १९९५ मध्ये सरकारने त्या काढून टाकल्या.

या दाव्यात आयोगाच्या जोडीला एक सफाई कामगार बाई होती. आठवड्याला ११ तास काम, पाच वर्षं पुरी व्हायच्या थोडं आधी नोकरी गेलेली. लॉर्ड्सनी आयोगाचं म्हणणं मान्य केलं आणि तिचा दावा मात्र फेटाळला: तिने या मार्गाने यायला नको होतं, औद्योगिक न्यायाधिकरणात जायला हवं होतं. तत्त्व जिंकलं, बाई हरली. माझ्या प्रबंधात हा निकाल मी पुन्हा पुन्हा उघडते, कारण 'धोरणात्मक' या शब्दाची किंमत कोण मोजतं ते तिथे उघड दिसतं.

उलटही होतं. आयोग तत्त्वासाठी लढत असतो आणि मालक सुनावणीच्या आदल्या दिवशी घसघशीत रक्कम पुढे करतो. दावा माणसाचा आहे, घरात हप्ते थकलेत, तो पैसे घेणार. घ्यावेतच. आयोगाच्या हाती मात्र निकालाऐवजी बंद फाइल उरते.

२००७ मध्ये तिन्ही जुने आयोग (लिंग, वंश, अपंगत्व) विलीन होऊन समता आणि मानवी हक्क आयोग झाला. नव्या कायद्यात कलम ७५ ची ती तीन कारणं नाहीत. मदत द्यायची की नाही हे आयोग आपल्या जाहीर धोरणानुसार ठरवतो. सुरुवातीला वर्षाचं बजेट सुमारे ७ कोटी पाउंड होतं, आता ते २ कोटींच्याही खाली आहे. दुसऱ्याच्या चालू खटल्यात हस्तक्षेप करून फक्त कायद्याचा मुद्दा मांडणं त्याला स्वस्त पडतं. तिथे माणूस आधीच कुणीतरी निवडलेला असतो.

आपल्याकडे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला १९९३ च्या कायद्याने हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात जाता येतं. २००३ मध्ये बडोद्याच्या बेस्ट बेकरी प्रकरणात सगळे आरोपी सुटल्यावर तो सुप्रीम कोर्टात गेला, आणि फेरसुनावणी पुढे मुंबईत झाली. असं तो क्वचितच करतो. केव्हा करतो आणि केव्हा नाही, ते पुढच्या लेखात पाहू.