सरमेचा प्रश्न

महाभारताचा आरंभ शंखनादाने होतो अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी आदिपर्वातील पौष्यपर्व एकदा उघडून पाहावे. तेथे आरंभीच कुत्र्याचे एक पिलू रडत आपल्या आईकडे जाताना दिसते. जनमेजय राजाचे कुरुक्षेत्री सत्र चालू असता ते यज्ञस्थानी आले, आणि श्रुतसेन, उग्रसेन व भीमसेन या राजबंधूंनी त्यास मारून हाकलले. पिलाची आई सरमा, देवांची कुत्री. तिने प्रथम पोरालाच दोष दिला. परंतु आपण हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही असे त्याने सांगताच ती यज्ञमंडपात गेली आणि निरपराध बाळाला का मारले, असे तिने विचारले. राजबंधूंपाशी उत्तर नव्हते. तेव्हा तुम्हांस न दिसणारे भय प्राप्त होईल, असा शाप देऊन ती निघून गेली.

या प्रसंगाचे स्मरण आम्हांस होण्याचे कारण अगदी घरगुती आहे. मागील हिवाळ्यात इंदापूर तालुक्यातील माळावर उतरलेल्या एका धनगराच्या वाड्यावरून आम्ही बारामतीस घरी एक पिलू आणले. ते पुरते सहा आठवड्यांचेही नव्हते. पहिल्या रात्री त्यास मागील पडवीत गोणपाटावर ठेवून आम्ही दार लावून घेतले. ते पहाटेपर्यंत रडले. तिसऱ्या दिवशी त्याने बैठकीच्या सतरंजीवर घाण केली, म्हणून आम्ही त्यास वर्तमानपत्राच्या गुंडाळीने मारले. पिलू जे बाजेखाली शिरले, ते दुसऱ्या दिवशीही बाहेर येईना, की दुधाला तोंड लावीना. "पण त्याला कुठं जायचं हे कुणी सांगितलं होतं का?" असे आमच्या धाकट्या मुलीने विचारले. आम्हांस उत्तर सुचले नाही.

बारामतीच्या माणसाने अशा प्रसंगी निरुत्तर व्हावे, हे विशेष लाजिरवाणे होय. कारण महाभारत मराठी आर्यांत उतरले ते याच गावी, कऱ्हेच्या काठी. पन्हाळ्यास 1729 मध्ये जन्मलेले मोरोपंत पराडकर बाबूजी नाईकांच्या आश्रयास पुराणिक म्हणून येथे आले आणि 1794 मध्ये येथेच निवर्तले. त्यांच्या आर्याभारतात अठराही पर्वे आहेत. अर्थात महाप्रस्थानिकपर्वही आहे. आदिपर्वाच्या आरंभी जे पिलू मार खाऊन गेले, त्याची जणू भरपाई या पर्वात होते. हस्तिनापुराहून पांडवांच्या मागे एक कुत्रा निघतो. द्रौपदी पडते, चौघे बंधू पडतात, कुत्रा मात्र युधिष्ठिराबरोबर चालत राहतो. स्वर्गात कुत्रेवाल्यांस जागा नाही असे इंद्र सांगतो, तेव्हा आश्रयास आलेल्याचा त्याग करून मिळणारा स्वर्ग युधिष्ठिर नाकारतो. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता असे पुढे कळते खरे. परंतु वाचकांनी हे ध्यानात घ्यावे, की नकार देताना युधिष्ठिरास ते ठाऊक नव्हते. त्याच्या दृष्टीने तो कुत्राच होता.

पुराण बाजूस ठेवून इतिहासाकडे वळले, तरी हा सोबती आपल्या मुलखात फार जुना दिसतो. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे 1974 मध्ये जी ताम्रयुगीन धातुशिल्पे सापडली, त्यांत बैलजोडीचा एक रथ आहे. हाकणारा उभा आहे आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रा आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने लिहिलेल्या मानसोल्लासात राजाच्या करमणुकींमध्ये सारमेयविनोद म्हणून कुत्र्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. सारमेय म्हणजे सरमेचा वंशज. शापाची आठवण पुसली गेली, पण आईचे नाव राहिले.

राजवाड्याबाहेरील परंपरा तर याहून बोलकी आहे. जी कऱ्हा बारामतीवरून वाहते, तीच वर जेजुरीच्या पायथ्यावरून येते. जेजुरीचा खंडोबा घोड्यावर असतो आणि त्याच्याबरोबर कुत्रा असतो. त्याचे वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवून घेण्यात भूषण मानतात. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत. आषाढात तुकोबांची पालखी याच वाटेने बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी पंढरीस जाते, आणि काटेवाडीस धनगर आपली मेंढरे पालखीभोवती धाववून रिंगण करतात. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा या वाटेवरील पोरासोरांसही ठाऊक असते.

परंतु खरे बोलावयाचे तर हा मान देव्हाऱ्यातील तसबिरीपुरता होता. पांढरपेशा घरांत कुत्र्याची जागा उंबऱ्याच्या बाहेर होती. उरलेली भाकरी त्यास मिळे, पण स्वयंपाकघरात त्याचा पाय पडला तर विटाळ होई. आणि त्याचे नाव तर आपण शिवी म्हणून वापरतो. कुत्र्यास खरोखर सहवासात घेतले ते धनगराने. पर्जन्यछायेच्या या माळरानावर लांडगा हा मेंढपाळाचा पिढीजात वैरी, आणि मेंढरांभोवती लावलेल्या जाळीच्या वाघरीबाहेर रात्रभर जागणारा कुत्रा हा त्याचा भागीदार. त्याचे पिलू माणसे, पोरे, कोकरे आणि घोडी यांच्यातच डोळे उघडते. त्यास निराळे रुळवावे लागत नाही.

पुढे काळ पालटला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आला, माळाच्या जागी ऊस उभा राहिला, 1930 च्या दशकात वालचंदनगरचा साखर कारखाना निघाला, मागाहून सहकारी कारखाने आले. बंगले झाले, आणि बंगल्यांबरोबर विलायती जातींची पिले आली. कुत्रा उंबऱ्याच्या आत आला ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु त्यास आत कसे वागवावे याचे शिक्षण आपणांस कोणी दिले नव्हते.

आम्ही पुन्हा त्या म्हाताऱ्या धनगराकडे गेलो. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, "आवं मास्तर, त्येची आय सुटली, कळप सुटला. आता तुमीच त्येचा कळप. कळपानंच मारल्यावर लेकरानं जायाचं कुठं?"

शास्त्राचे म्हणणेही याहून फार निराळे नाही. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी पिलांवर अनेक वर्षे प्रयोग करून 1965 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. साधारण तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिलू ज्यांच्या सहवासात राहते, त्यांस ते आपले मानते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणूनच त्यास आईपासून फार लवकर तोडू नये. आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकण्यास 2017 च्या नियमांनी आपल्याकडे बंदी आहे. आम्ही जे केले ते याविरुद्ध होते, हे कबूल केले पाहिजे. घरी आणल्यावर पहिल्या काही रात्री त्याचे अंथरूण माणसाजवळ असावे. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच त्यास बाहेर एकाच ठिकाणी न्यावे. तेथे विधी केला की शाबासकी द्यावी, आत चुकला तर मुकाट्याने पुसून घ्यावे. मारल्याने पिलू जागा शिकत नाही, माणसास भ्यायला शिकते. सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून डिस्टेंपर व पार्वो या रोगांच्या लसी सुरू कराव्या आणि तीन महिन्यांचे झाल्यावर पिसाळरोगाची लस चुकवू नये. पाश्चरने 1885 मध्ये माणसास प्रथम ही लस टोचली तोपर्यंत या रोगापुढे सारे जग हतबल होते. आजही लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर खात्रीचा उपाय नाही.

येथे सरमेच्या शापाचा अर्थ आम्हांस नव्याने कळला. हौसेने आणलेले पिलू मोठे झाले, भुंकू लागले, की रात्री माळावर नेऊन सोडणारी माणसे आहेत. 1960 च्या कायद्याने हा अपराध आहे. पण त्याचे फळ कायद्याहून लांब पोहोचते. कडबनवाडीच्या आणि शिर्सुफळच्या माळांवर जे थोडे लांडगे उरले आहेत, त्यांस अशा मोकाट कुत्र्यांपासून रोग लागण्याची भीती आहे. पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचेही तपासणीत आढळले आहे. धनगराचा कुत्रा लांडग्यास वाघरीपासून दूर ठेवी, पण त्याचा वंश बुडवीत नसे. ते काम आपण टाकलेल्या कुत्र्याकडून होऊ घातले आहे. न दिसणारे भय म्हणतात ते याहून निराळे काय असेल?

असो. आमचे पिलू आता दहा महिन्यांचे आहे. मुलीने त्याचे नाव सारम्या ठेवले आहे. बाजेखालून त्यास बाहेर काढण्यास आठ दिवस लागले. रोज संध्याकाळी ती जमिनीवर पालथी पडून, त्याच्याकडे न पाहता, दुधात कुस्करलेली भाकरी पुढे सरकवीत असे. नवव्या दिवशी ते आपणहून आले आणि तिच्या पाठीला पाठ लावून झोपले. आमच्या हातात वर्तमानपत्र दिसले, म्हणजे ते अजूनही दोन पावले मागे सरते. म्हणून हल्ली आम्ही वर्तमानपत्र बाहेर ओट्यावर बसून वाचतो.