वडील म्हणजे नेमकं कोण?

गेल्या दिवाळीत भोर तालुक्यातल्या आमच्या गावी मी घराण्याची वंशावळ एक्सेलमध्ये भरायला घेतली आणि तिसऱ्याच पिढीला गाडं अडलं. एक माणूस आपल्या बापापेक्षा फक्त ४ वर्षांनी लहान निघत होता.

कागद संस्थानच्या काळातला, म्हणजे १९४८ सालच्या विलीनीकरणाआधीचा. मोडी लिपीतली जबानी. पणजोबा त्यात म्हणतात, 'आमचे वडील' अमुक. पुढे दोघांची वयं. मी सॉफ्टवेअरवाला, डेटा चुकला असं वाटून वय बदलायला निघालो होतो. मोडी वाचून देणारे भोरचे गुरुजी हसले. म्हणाले, "वय बरोबर आहे. तुझा अर्थ चुकलाय. हे वडील भाऊ आहेत."

'वडील' शब्दात मुळात बाप नाहीच. प्राकृतात 'वड्ड' म्हणजे मोठा. हिंदीतला 'बडा' आणि जुन्या मराठीतला 'वाड' ही त्याचीच भावंडं. वडील म्हणजे फक्त 'थोरला'. म्हणून तर आपण वडील बंधू म्हणतो, वडीलधारी माणसं म्हणतो. वडिलोपार्जित जमीनही एकट्या बापाची नसते, मागच्या सगळ्यांची असते.

जन्मदात्यासाठी खरा शब्द 'बाप'. तोही जुना. वलभीच्या राजांच्या ताम्रपटांत तो 'बप्प' म्हणून भेटतो, आणि गणपतीला आपण आजही बाप्पाच म्हणतो. पुढे नुसतं 'बाप' म्हणणं उद्धट वाटू लागलं आणि आदरासाठी 'वडील' पुढे आला. बाप आला, पण वडील आले. एकाच माणसासाठी आपण अनेकवचन वापरतो, ते त्याच्या जागेला मान म्हणून.

ही जागा मावळात फार महाग होती. देशमुखी किंवा पाटीलकी भावांत वाटली गेली, तरी वडीलपण वाटता येत नसे. पहिला टिळा, पहिलं पान, होळीची पोळी, पोळ्याला पुढे चालणारा बैल, हे वडील घराचे मान. त्यावरून भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालत, रक्तही सांडे. आज आपल्याला ते हास्यास्पद वाटतं. पण पान गेलं की पुढच्या पिढीचा हक्कही सैल होई.

म्हणून कारीच्या कान्होजी जेध्यांची गोष्ट मला आता वेगळी दिसते. कारी भोर तालुक्यात. कान्होजी रोहिडखोऱ्याचे देशमुख. १६५९ साली अफजलखान चालून आला, तेव्हा खानाला मिळा असं आदिलशहाचं फर्मान मावळच्या देशमुखांना आलं. न गेलं तर वतन जाणार, कदाचित जीवही. शेजारच्या उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले. कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन राजगडावर शिवाजी महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडलं. शाळेत आपण यात स्वामिनिष्ठा शिकलो. ती आहेच. पण मुलांना सोबत का नेलं असेल? मला वाटतं, वडिलार्जित वतन एकट्या कान्होजींचं नव्हतं, त्या पाचांचंही होतं. ज्यांचं जाणार होतं, ते समोर उभे होते.

पुढे १६६० साली पन्हाळ्याहून महाराज निसटले, तेव्हा हिरडस मावळातल्या बांदलांची माणसं घोडखिंडीत पडली. दरबारातलं तलवारीचं पहिलं पान तोवर जेध्यांचं होतं. महाराजांच्या शब्दावरून कान्होजींनी ते बांदलांना दिलं, असं मावळात सांगतात. पहिलं पान असं सहज कुणी सोडत नसे.

हे सगळं मला नुसत्या कुतूहलापोटी नको होतं. मी सहावीत असताना बाबा गेले. मला शिकवलं ते अण्णांनी, बाबांच्या थोरल्या भावानं. सातबाऱ्यावर आजही एकट्या अण्णांचं नाव आहे आणि त्यापुढे तीन अक्षरं : ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. सरकारी भाषेतला 'वडील'च तो. चुलतभावाचं म्हणणं, नाव अण्णांचं म्हणजे रान अण्णांचं. त्यानं ते मनापासून मानलेलं, मीही कधी वाद घातला नव्हता. पण त्या दिवाळीपासून आमचं बोलणं तुटलं होतं.

मी अण्णांना पणजोबांचा कागद वाचून दाखवला. जमीन थोरल्याच्या नावे, कसणारे दोघे. ते बराच वेळ गप्प राहिले. मग चुलतभावाला हाक मारून म्हणाले, "माझं नाव लागलं ते मी वडील म्हणून. रान काय माझ्या एकट्याचं हाय व्हय?"

वाटणीचा अर्ज तहसील कचेरीत दिलाय. चुलतभावानं सही केली, अजून फारसा बोलत नाही. एक्सेलमध्ये मी 'वडील' हा कॉलम काढून दोन केले : बाप आणि थोरले. माझ्या ओळीत पहिल्यात बाबा आहेत. दुसऱ्यात अण्णा.