अँटेनागेट

अँटेनागेट हे अ‍ॅपल कंपनीच्या आयफोन ४ या भ्रमणध्वनी संचाच्या अँटेना-रचनेवरून २०१० साली अमेरिकेत उद्भवलेल्या वादाचे प्रचलित नाव आहे. हा फोन डाव्या हातात नेहमीच्या पद्धतीने धरला असता त्याच्या डाव्या कडेवरील खालची फट तळहाताखाली झाकली जाई आणि सिग्नल एकाएकी क्षीण होई. मुळात सिग्नल कमकुवत असलेल्या ठिकाणी चालू संभाषणही तुटत असे. एखाद्या गाजलेल्या प्रकरणाच्या नावापुढे ‘गेट’ जोडण्याची अमेरिकी वृत्तपत्रांची प्रथा १९७२ च्या वॉटरगेट प्रकरणापासूनची आहे. तिच्यावरूनच हे नाव पडले. हाताच्या पकडीमुळे सिग्नल घटणे हा केवळ एका फोनचा दोष नव्हे. तथापि अभियंत्यांपुरता मर्यादित असलेला हा विषय या प्रकरणामुळे सामान्य ग्राहकांच्या चर्चेत आला.

पार्श्वभूमी

सुरुवातीच्या भ्रमणध्वनींना वरच्या टोकाला बाहेर आलेला आखूड अँटेना असे. नोकियाच्या ८८१० (१९९८) आणि विशेषतः ३२१० (१९९९) या संचांनंतर अँटेना कवचाच्या आत बसवण्याची पद्धत सर्वत्र पसरली. आत गेलेला अँटेना पुढे वरून खालीही सरकला. यामागे एक नियामक कारण होते. फोन कानाला लावला असता रेडिओ ऊर्जेचा काही भाग डोक्यातील ऊतींमध्ये शोषला जातो आणि त्यावर अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर प्रतिकिलोग्रॅम १.६ वॅट इतकी मर्यादा घातली आहे. अँटेना हनुवटीच्या बाजूला नेल्यास तो डोक्यापासून दूर जातो व ही मर्यादा पाळणे सोपे होते. मात्र फोन धरणाऱ्याचा तळहात नेमका तेथेच टेकतो. डोके वाचवावे तर हात आड येतो, अशी ही कोंडी आहे, आणि तिच्यातून पूर्णपणे सुटलेली रचना आजवर झालेली नाही.

आयफोन ४ ची रचना

स्टीव्ह जॉब्स यांनी ७ जून २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे हा फोन सादर केला. पुढे-मागे काच आणि त्यांच्यामध्ये कडेने फिरणारी स्टेनलेस स्टीलची पट्टी असे त्याचे ९.३ मिलिमीटर जाडीचे शरीर होते. ही पट्टी फोनचा सांगाडा होती आणि अँटेनाही होती. तिचा एक भाग वाय-फाय, ब्लूटूथ व जीपीएस यांसाठी, तर दुसरा भाग दूरध्वनी जाळ्यासाठी वापरला होता. दोहोंना विलग करणाऱ्या अरुंद फटींपैकी एक डाव्या कडेच्या खालच्या भागात होती.

कल्पना अविचारी नव्हती. अँटेना बाहेर गेल्याने आतली जागा बॅटरीला मिळाली आणि तो आतील विद्युत घटकांपासूनही काहीसा मोकळा झाला. अतिशय क्षीण सिग्नलमध्ये हा फोन आधीच्या आयफोन ३जीएसपेक्षा संभाषण चांगले टिकवतो, असे निरीक्षण ‘आनंदटेक’ या तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने आपल्या परीक्षणात नोंदवले होते. वादाच्या गदारोळात ही बाजू बहुधा विसरली गेली. चूक वेगळ्या ठिकाणी होती. उघड्या धातूवर कोणताही विद्युतरोधक लेप न देता तो थेट त्वचेच्या संपर्कात येऊ दिला गेला.

हातामुळे सिग्नल का घटतो

मानवी हातात पाणी आणि क्षार यांचे प्रमाण मोठे असल्याने तो रेडिओ ऊर्जा शोषून घेतो; फोन आणि मनोरा यांच्यामधील ऊर्जेचा काही अंश उष्णतेच्या रूपाने नष्ट होतो. दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. अँटेना ठराविक वारंवारतांना जुळवलेला असतो. ८५० मेगाहर्ट्झ वारंवारतेची तरंगलांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते आणि तिच्या चतुर्थांशाच्या, म्हणजे जेमतेम ९ सेंटिमीटरच्या, हिशेबाने धातूची लांबी ठरवली जाते. जवळ आलेला हात ही जुळणी बिघडवतो आणि अँटेना जणू भलत्याच वारंवारतेला लावला जातो. हे दोन परिणाम कोणत्याही फोनमध्ये, प्लॅस्टिकच्या कवचातूनही घडतात. आयफोन ४ मध्ये त्यांत तिसऱ्याची भर पडली. किंचित ओलसर त्वचा विजेची वाहक असल्याने फटीवर ठेवलेले बोट दोन अँटेनांना प्रत्यक्ष जोडत असे. त्यामुळे संपूर्ण मूठ आवळण्याचीही गरज नसे, एका बोटाचा स्पर्श पुरेसा होई.

घट मोजण्याचे एकक डेसिबल हे आहे. ३ डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी होणे, १० म्हणजे दशांश आणि २० म्हणजे शतांश. आनंदटेकच्या मोजणीत आयफोन ४ सहज धरला असता सुमारे २० डेसिबल आणि घट्ट आवळला असता सुमारे २४ डेसिबल घट आढळली. गुगलच्या नेक्सस वन या फोनमध्ये हे आकडे साधारण ११ आणि १८ होते, तर आयफोन ३जीएसमध्ये साधारण २ आणि १४. कव्हर घातलेल्या आयफोन ४ मध्ये सहज पकडीतील घट सातच्या आसपास उतरली. त्वचेचा थेट संपर्क तुटल्यावर हा फोन इतरांच्या पंक्तीत येऊन बसतो, हे या एका आकड्यावरून स्पष्ट होते.

दांड्यांचा प्रश्न

सिग्नल दर्शवणाऱ्या पाच दांड्यांनी गोंधळात भर घातली. या दांड्या कोणत्या प्रमाणात दाखवाव्यात याचा सर्वमान्य नियम नाही. आयफोनमध्ये उणे ५१ पासून उणे ९१ डेसिबल-मिलिवॅटपर्यंतच्या विस्तीर्ण पट्ट्यात पाचही दांड्या दिसत आणि उरलेल्या सगळ्या पायऱ्या उणे ११३ पर्यंतच्या २२ डेसिबलमध्ये कोंबलेल्या होत्या. परिणामी मनोऱ्याजवळ उभ्या असलेल्या ग्राहकाला २४ डेसिबल घट जाणवतही नसे, तर काठावर असलेल्याला पाचही दांड्या क्षणात मावळताना दिसत. एकाच फोनबद्दल दोन ग्राहक परस्परविरोधी पण खरे अनुभव सांगत होते, त्याचे कारण हेच.

घटनाक्रम

२४ जून २०१० रोजी विक्री सुरू झाली व पहिल्या तीन दिवसांत १७ लाख संच विकले गेले. तक्रारी त्याच दिवसापासून येऊ लागल्या. फोन त्या पद्धतीने धरणे टाळावे, अशा आशयाचे जॉब्स यांचे एका ग्राहकाला दिलेले ई-मेल उत्तर प्रसिद्ध झाले आणि ते दीर्घकाळ थट्टेचा विषय ठरले. २ जुलै रोजी कंपनीने पत्रक काढून दांड्या मोजण्याचे आपले सूत्र पूर्णतः चुकीचे असल्याचे व अनेकदा दोन दांड्या जास्त दिसत असल्याचे मान्य केले. १५ जुलैच्या सॉफ्टवेअर सुधारणेने दांड्या प्रामाणिक झाल्या; अँटेना अर्थातच होता तसाच राहिला.

दरम्यान १२ जुलै रोजी ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकहितासाठी चालणाऱ्या नियतकालिकाने वेगवेगळ्या दुकानांतून विकत घेतलेल्या तीन संचांची रेडिओरोधक कक्षात चाचणी घेऊन आपण या फोनची शिफारस करू शकत नाही, असे जाहीर केले. त्याच नियतकालिकाच्या गुणांकनात हा फोन इतर बाबतींत अग्रस्थानी होता. फटीवर जाड चिकटपट्टी लावावी, हा त्याने सुचवलेला उपाय कमी खर्चाचा होता, परंतु देखणेपणासाठी ख्याती असलेल्या कंपनीला तो झोंबणारा होता.

१६ जुलै रोजी क्युपर्टिनो येथील पत्रकार परिषदेत जॉब्स यांनी कोणताच फोन परिपूर्ण नसल्याची भूमिका मांडली. ब्लॅकबेरी, एचटीसी व सॅमसंग यांचे फोन हातात आवळल्यावर दांड्या कशा गळतात, याच्या चित्रफिती दाखवण्यात आल्या. अँटेनाविषयी तक्रार करणारे ग्राहक केवळ ०.५५ टक्के आहेत, फोन परत करण्याचे प्रमाण ३जीएसच्या ६ टक्क्यांच्या तुलनेत १.७ टक्के आहे आणि शंभर संभाषणांमागे एकापेक्षाही कमी जादा संभाषण तुटते, असे आकडे कंपनीने दिले. यांतला पहिला आकडा तक्रार करणाऱ्यांचा आहे, त्रास झालेल्यांचा नव्हे, हे लक्षात घ्यावे लागते. एरवी २९ डॉलरला मिळणारे ‘बंपर’ हे कव्हर किंवा तत्सम आवरण ३० सप्टेंबरपर्यंतच्या खरेदीदारांना मोफत देण्याची घोषणाही याच वेळी झाली. प्रतिस्पर्ध्यांनी या तुलनेवर आक्षेप घेतला. रूप आणि अँटेना यांत विरोध आला तर आपण अँटेनाला प्राधान्य देतो, असे नोकियाने म्हटले. तथापि अँटेनाच्या भागाला अनावश्यक स्पर्श करू नये, ही सूचना नोकियाच्या माहितीपुस्तिकांतही छापलेली असे.

परिणाम

विक्रीवर वादाचा फारसा परिणाम दिसला नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेतील सामूहिक दाव्यात तडजोड होऊन पात्र ग्राहकांना १५ डॉलर किंवा मोफत बंपर यांपैकी एकाची निवड देण्यात आली. तांत्रिक उत्तर त्याआधीच आले होते. फेब्रुवारी २०११ मध्ये व्हेरायझन कंपनीच्या जाळ्यासाठी निघालेल्या आयफोन ४ मध्ये फटींच्या जागा बदललेल्या होत्या, तर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेला आयफोन ४एस दोन अँटेनांपैकी ज्याला अधिक चांगला सिग्नल मिळेल तो आपोआप निवडत असे. धातूच्या कडेचाच अँटेना म्हणून उपयोग करण्याची पद्धत टिकून राहिली आणि इतर उत्पादकांनीही ती स्वीकारली. आजच्या अनेक फोनांच्या कडेवर दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या बारीक रेघा म्हणजे अँटेनाचे भाग विलग करणाऱ्या, भरून घेतलेल्या फटीच होत.