कर्मणी प्रयोग आणि १९९१

इंग्रजी व्याकरणाचा सराव आणि देशाचे खुले आर्थिक धोरण यांचा काय संबंध, असे कोणीही विचारील. मी सरकारी कचेरीतला कारकून. माझ्या मते संबंध आहे, आणि तो बराच खोल आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

जुन्या मराठी पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. आमच्या वाट्याला आले रेन अँड मार्टिन. यातले पी. सी. रेन म्हणजे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेले साहेब. पुढे १९२४ साली 'बो जेस्त' ही कादंबरी लिहून ते जगभर गाजले. आपल्याकडे मात्र ते व्याकरणाच्या पुस्तकामुळेच घरोघरी पोचले. त्या पुस्तकातला 'व्हॉइस बदला' हा सराव कोण विसरेल? 'राम रावणाला मारतो' याचे 'रामाकडून रावण मारला जातो' असे करायचे. शिवाय कर्ता महत्त्वाचा नसेल तर 'रामाकडून' गाळले तरी चालते, हेही तिथेच शिकायचे.

हा सराव वाया गेला नाही. कचेरीतल्या इंग्रजी पत्राची सुरुवात 'आय ॲम डायरेक्टेड टू से' अशी. आज्ञा कोणी केली ते वाक्यात नाही. मराठी पत्रातही 'कळविण्यात येते की', म्हणजे कळवणारा अदृश्यच. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) कायद्याने मोठा कारखाना काढायला, वाढवायला, त्यात नवी वस्तू करायला परवाना लागू लागला. दिल्लीचा हा कारभार मुख्यतः इंग्रजीत चाले. शिकलेल्या माणसाला नोकरी देणारे मोठे घर म्हणजे सरकार. त्याला हवा होता बिनचूक मसुदा लिहिणारा माणूस. तो बोलतो कसा, याची फारशी विचारपूस नव्हती. शाळेतला व्याकरणाचा सराव त्या अर्थव्यवस्थेला अगदी साजेसा होता.

मग १९९१ उजाडले. परकीय चलन जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते. सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण ठेवावे लागले. जुलैच्या १ आणि ३ तारखेला रुपयाचे अवमूल्यन झाले. २४ जुलैला नवे औद्योगिक धोरण आणि मनमोहन सिंग यांचा अर्थसंकल्प एकाच दिवशी संसदेत आले. १८ उद्योग सोडून बाकीच्यांचा परवाना रद्द झाला.

त्यानंतर हळूहळू नोकरीचे घर बदलले. खाजगी बँका, विमान कंपन्या, संगणकाच्या कंपन्या, नंतर कॉल सेंटर. तिथे मसुदा कोणी विचारीना. मुलाखतीत समोर बसून बोलायचे. बोलण्याची ओढ त्याआधीही होती, नाहीतर कपिल देवच्या जाहिरातीतला रॅपिडेक्स कोर्स एवढा खपलाच नसता. पण आता पोट त्यावर अवलंबून राहिले. प्रश्नपत्रिका मात्र 'व्हॉइस बदला'च विचारीत राहिली. मधली दरी भरली खाजगी क्लासांनी, अर्थात फी घेऊन.

आता आमच्या गोव्याचे पाहा. १९९० साली सरकारने ठरवले की प्राथमिक शाळेला अनुदान हवे तर माध्यम मराठी किंवा कोंकणी हवे. शशिकला काकोडकर तेव्हा शिक्षणमंत्री होत्या. निर्णय तत्त्वाला धरून होता, असे मी आजही मानतो. पण पाचवीपासून बहुतेक मुलांपुढे इंग्रजी माध्यमच उभे राही, आणि दुसऱ्याच वर्षी बाजार खुला झाला. चौथीपर्यंत मुलाला बोलण्यापुरते इंग्रजी नीट कसे द्यावे, याची तजवीज त्या मानाने झाली नाही. ज्यांना परवडले त्यांनी विनाअनुदानित इंग्रजी शाळा धरली. २०११ साली पालकांच्या मागणीवरून इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय झाला, त्यावर मोठे आंदोलन पेटले, आणि त्यात काकोडकर पुन्हा पुढे होत्या. महाराष्ट्राने २००० साली वेगळा मार्ग धरला होता: माध्यम मराठीच, पण पहिलीपासून इंग्रजी हा विषय. शिकवणाऱ्या शिक्षकाची तयारी करून घेतली तर हा मार्ग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

सांगायचा मुद्दा असा. १९९१ साली कारखानदाराचा परवाना गेला, पण सामान्य घरातल्या मुलासाठी बोलीव इंग्रजी हा नवा परवाना झाला. जुना निदान अर्ज केल्यावर मिळे किंवा नाकारला जाई, आणि नाकारला तर तसे पत्र येई. या परवान्याचे कसले आले पत्र! मुलाखतीनंतर 'कळवू' म्हणतात, आणि मुलगा वाट पाहत राहतो. त्याला कोणी नाकारले? 'तो निवडला गेला नाही', एवढेच वाक्य उरते. कर्ता गाळलेला.

हा कर्ता एकदा तरी नाव घेऊन सांगायला हवा. अनेक सरकारे, परीक्षा मंडळे, आणि माध्यमाच्या वादात मुलाला विसरलेले आपण सगळे.