अहवाल सालात : बडोद्याची ‘अन्योन्य’ मंडळी आणि पतपेढीचे वर्ष

ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात पतपेढीविषयी लेख पाहून काही सभासदांना नवल वाटेल. परंतु बडोद्याच्या मराठी वस्तीत या दोन्ही संस्था एकाच वृत्तीच्या माणसांनी जोपासल्या. महिन्याची लहानशी वर्गणी, एकमेकांच्या शब्दावर चालणारा व्यवहार, वर्षाअखेरचा छापील अहवाल आणि त्यावर सभेत होणारी खडाजंगी यांवर दोहोंचाही संसार चालत आला. एकीत पुस्तक उसने मिळे, दुसरीत पैसा. परत दोन्ही करावयाचे असे, आणि परत न करणारे महाभागही दोहोंकडे असत.

या शहराला त्याविषयी बोलण्याचा विशेष अधिकार आहे. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या पुढाकाराने बडोद्यात ‘अन्योन्य सहाय्यकारी मंडळी’ स्थापन झाली. हिंदुस्थानातील सहकारी पतसंस्थांचा इतिहास लिहिणारे बहुधा येथूनच प्रारंभ करतात. तेवीस सभासद आणि शहात्तर रुपये भांडवल असा या मंडळीचा आरंभ सांगितला जातो. सरासरी काढली तर माणशी सव्वातीन रुपयांच्या आसपास पडते. गादीवर त्या वेळी सयाजीराव महाराज होते. वय नुकतेच पंचविशी ओलांडलेले, आणि राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार हाती येऊन अवघी सात वर्षे झालेली. असल्या धडपडीला अनुकूल अशी हवा त्या काळी बडोद्यात होती. पुढच्याच वर्षी, १८९० साली, येथे कलाभवन सुरू झाले.

मराठीच्या अध्यापकाला या संस्थेच्या नावापाशी थोडे थांबावेसे वाटते. ‘अन्योन्य’ हा आपल्या अलंकारशास्त्रातील एक अलंकार आहे. दोन वस्तू परस्परांना शोभा आणतात, एकीवाचून दुसरी फिकी पडते, तेथे हा अलंकार होतो. चंद्र आणि रात्र हे त्याचे पाठ्यपुस्तकी उदाहरण. नाव ठेवणाऱ्यांच्या मनात अलंकारशास्त्र होते असा माझा दावा नाही. पण ऋणको आणि धनको ही दोन माणसे एकाच देहात आणणारी संस्था काढताना त्यांनी उचललेला हा शब्द अचूक होता एवढे खरे. येथे कर्ज घेणारा आणि कर्ज देणारा दोघेही सभासदच. आज जो अर्ज घेऊन उभा आहे, तो उद्या समितीत बसून दुसऱ्याच्या अर्जावर सही करणार.

हे पाऊल किती लवकरचे होते, हे समजण्यासाठी त्या काळच्या कर्जबाजारीपणाकडे पाहिले पाहिजे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. दख्खनच्या या दंग्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. परंतु कायद्याने सावकाराचा हात धरला तरी शेतकऱ्याच्या हाती पैसा येत नाही. ही अडचण ओळखून विल्यम वेडरबर्न यांनी न्यायमूर्ती रानडे यांच्या साहाय्याने पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. हिंदुस्थान सरकारला ती पटली, पण लंडनला भारतमंत्र्यांच्या कचेरीत तिचा शेवट झाला. मद्रासेत फ्रेडरिक निकल्सन यांनी जर्मनीतील रायफायझेन आणि शुल्झ यांच्या पतसंस्थांचा अभ्यास करून दोन भागांत अहवाल दिला तो १८९५ आणि १८९७ साली. सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला १९०४ मध्ये. म्हणजे अन्योन्य मंडळी कायद्याच्या पंधरा वर्षे आधीची. नोंदणी करावी असे निबंधकाचे कार्यालयच अस्तित्वात नव्हते. १९०४ नंतर मात्र संस्थांची रांग लागली. पुण्याची कॉसमॉस १९०६ च्या जानेवारीत आली; फेब्रुवारीत गोकाक आणि बेळगाव येथील पतसंस्था आल्या. सीमाभागातील आपल्या बांधवांनी ही शेवटची नोंद लक्षात ठेवावी.

शहरी पतपेढीचा सभासद शेतकरी नव्हता. कारकून, शिक्षक, तलाठी, फौजेतला किंवा दरबारी खात्यातला नोकर असा तो वर्ग. पगार ठरलेला, पण महिन्यातून एकदा येणारा. खर्चाला मात्र तिथी-वार माहीत नाही. या माणसाच्या गरजेभोवती पतपेढीचे वर्ष कसे फिरे, हे जुने अहवाल चाळताना दिसते. सहकारी वर्ष तेव्हा जुलैत सुरू होऊन जूनअखेर संपत असे. जून-जुलैत शाळा-महाविद्यालयांच्या फीसाठी आणि पुस्तकांसाठी अर्ज येत. दसरा-दिवाळीच्या तोंडावर सणाची उचल. तुळशीचे लग्न लागले की मुलींच्या लग्नांची कर्जे सुरू होत, ती वैशाखापर्यंत चालत. मृगाच्या आधी घर शाकारण्याची घाई. आजारपण आणि बाळंतपण यांना ऋतू नसल्याने त्यांच्यासाठी ‘आकस्मिक कर्ज’ हा स्वतंत्र प्रकार असे. त्याची रक्कम लहान, पण मंजुरी लवकर. पुढील हप्ते पगारातून परस्पर कापले जात. सावकाराच्या ओट्यावर तासभर ताटकळावे लागत नसे, आणि दागिना फडक्यात बांधून भर बाजारातून न्यावा लागत नसे. पतपेढीने केलेली सर्वांत मोठी सेवा कोणती असे मला कोणी विचारले, तर व्याजाच्या दरापेक्षा हीच गोष्ट मी आधी सांगेन.

कर्जाला तारण म्हणजे दोन जामीनदार. हा जामीनदार बहुधा शेजारच्या टेबलावरचा किंवा शेजारच्या वाड्यातला. त्यामुळे अर्जदाराची खरी चौकशी समितीपुढे अर्ज येण्यापूर्वीच होऊन गेलेली असे. हा माणूस पत्त्यांत पैसे घालवतो की बहिणीच्या लग्नात, हे जामीनदाराला ठाऊक असे. या व्यवस्थेची दुसरी बाजूही होती. कर्जदार हप्ते थकवी तेव्हा वसुली जामीनदाराच्या पगारातून होई, आणि दोन घरांतील येणे-जाणे कायमचे थांबे. पतपेढीच्या इतिहासात अशा मोडलेल्या मैत्र्यांची नोंद कोठे होत नाही. अहवालात फक्त ‘थकबाकी’ असा रकाना असतो.

अहवालाची भाषा हा एका वेगळ्या निबंधाचा विषय होईल. ‘अहवाल सालात’ या शब्दांनी निम्मी वाक्ये सुरू होतात. मागील सभेचे इतिवृत्त ‘वाचून कायम’ होते. नफ्याची ‘विभागणी’ होते, हिशेबतपासनिसांनी ‘अ’ वर्ग दिल्याचे ‘कळविण्यास आनंद होत’ असतो, आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐन वेळी येणारे विषय’ येतात. पण या ठोकळेबाज गद्यात एक परिच्छेद असा असतो की जो मी नेहमी नीट वाचतो. तो दुखवट्याचा. वर्षात दिवंगत झालेल्या सभासदांची नावे तेथे ओळीने छापलेली असतात. साहेब आणि त्यांच्या कचेरीतला पट्टेवाला एकाखाली एक. कित्येक पट्टेवाल्यांचे नाव त्यांच्या लग्नपत्रिकेनंतर छापले गेले ते येथेच असेल. भाग कितीही असोत, मत एकच, हे सहकाराचे तत्त्व या यादीइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसते.

आता समाजाकडे वळू. पतपेढी शाळेला, वाचनालयाला, दवाखान्याला देणगी देते, सभासदांच्या मुलांना बक्षिसे देते, ती केवळ अध्यक्षांच्या औदार्याने नव्हे. त्यामागे कायद्याचे एक कलम आहे. इंग्रजी मुलखासाठी झालेल्या १९१२ च्या सहकारी संस्थांच्या कायद्याने असे ठरवून दिले की निव्वळ नफ्याचा चौथा हिस्सा प्रथम राखीव निधीत टाकावा, आणि उरलेल्या नफ्यापैकी दहा टक्क्यांपर्यंत रक्कम निबंधकाच्या संमतीने धर्मादाय कार्यास द्यावयास हरकत नाही. हजार रुपये नफा झाला तर अडीचशे राखीव, आणि राहिलेल्या साडेसातशेतून फार तर पंचाहत्तर समाजासाठी. धर्मादाय कशाला म्हणावे हे १८९० च्या दुसऱ्या एका कायद्यात आधीच सांगितलेले होते. गरिबांचे साहाय्य, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सार्वजनिक उपयोगाची अन्य कामे त्यात बसत. निव्वळ धार्मिक शिकवणीचे किंवा पूजेअर्चेचे काम बसत नसे. ग्रंथालय या व्याख्येत सहज बसे.

बडोदे संस्थानात या दोन प्रवाहांचे साम्य आणखी स्पष्ट दिसते. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून बोर्डन यांना आणून ग्रंथालय खाते उभारले. गावच्या ग्रंथालयासाठी लोकांनी जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीने घालावी आणि तेवढीच सरकारने, अशी ती योजना होती. लोकांचा हिस्सा आधी, मग सरकारचा. फुकट मिळालेल्या संस्थेला कोणी आपली म्हणत नाही, हे जाणणाऱ्या राज्यकर्त्याची ही पद्धत. आणि पतपेढीतही भाग घेतल्यावाचून कर्ज मिळत नाही.

येथवरचे वर्णन वाचून सारे गोमटे होते असा समज होऊ नये. ओळख हीच पत, असे म्हटले की ज्याची कोणाशी ओळख नाही त्याचे काय, हा प्रश्न लगेच उभा राहतो. आरंभीच्या अनेक शहरी पतसंस्था जातीच्या किंवा एका खात्याच्या वर्तुळात निघाल्या. मुंबईची शामराव विठ्ठल पतसंस्था १९०६ साली तळमकींनी काढली ती सारस्वत समाजातील गरजूंसाठी. हेतू निर्मळ होता, पण वर्तुळाबाहेरच्या गिरणी कामगाराला, दलित वस्तीतल्या माणसाला, भाजी विकणाऱ्या बाईला जामीन कोण राहणार? महिना पगार नसलेल्याला पतपेढीचे दार उघडत नसे. या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या शेजारीच, अहमदाबादेत, १९७४ साली मिळाले. इला भट्ट यांच्या पुढाकाराने चार हजार कष्टकरी बायकांनी दहा-दहा रुपयांचा भाग घेऊन सेवा बँक स्थापली. सही येत नसलेल्या खातेदार बाईची ओळख पटावी म्हणून पासबुकावर तिचे छायाचित्र लावण्याची युक्ती तेथे निघाली. तेवीस जणांच्या मंडळीत ज्याची गरज पडली नसती, ते ओळखीचे काम छायाचित्राने केले.

संस्था लहान आणि सभासद जागे असले म्हणजे काय घडते, याचा एक मोठा पडताळा १९१३-१४ साली आला. लाहोरची पीपल्स बँक, मुंबईची इंडियन स्पेसी बँक अशा पेढ्या धडाधड बुडाल्या. लोकांनी घाबरून सगळीकडूनच पैसे काढले असते तर आश्चर्य नव्हते. प्रत्यक्षात बहुतेक प्रांतांत ठेवी खाजगी बँकांतून निघून सहकारी संस्थांकडे आल्या, असे सहकाराच्या चौकशीसाठी नेमलेल्या मॅक्लॅगन समितीला आढळले. यामागे सरकारी देखरेखीचा विश्वास मुख्य होता. पण संस्था गावातली आणि तिचा कारभार उघडा, हेही कारण समितीने नोंदले आहे.

अन्योन्य मंडळी पुढे बँक झाली, शहरासोबत वाढली, शतक ओलांडून गेली. २००७ साली रिझर्व्ह बँकेने तिच्या व्यवहारांवर निर्बंध घातले, आणि नंतर तिचा परवानाही गेला. देशातील पहिली म्हणून जिचा उल्लेख होई ती संस्था ठेवीदारांच्या रांगा दाखवून संपली. बडोद्यातल्या पुष्कळ मराठी घरांत त्या काळी निवृत्तीची पुंजी अडकली. तिच्या पतनाच्या कारणांचा तपशील हा हिशेबतपासनिसांचा विषय आहे, माझा नव्हे. सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेचे कायदे १ मार्च १९६६ पासून लागू झाले, ठेवींना विम्याचे संरक्षण आले, आणि २०२० पासून त्याची मर्यादा पाच लाख रुपये झाली, हे येथे सांगितले पाहिजे. बँकेचा परवाना नसलेल्या पतसंस्थांतील ठेवींना मात्र हा विमा नाही. कित्येक सभासदांना हा भेद ठाऊक नसतो आणि ‘सहकारी’ एवढा शब्द पाहून ते दोन्हीकडे सारख्याच निर्धास्तपणे पैसे ठेवतात.

तुकोबांचा जो एक चरण बहुतेक सर्व पतपेढ्यांच्या अहवालावर छापलेला असतो, तो सर्वांना पाठ आहे. तुकोबा स्वतः सावकारी करणाऱ्या घरातले होते, आणि आपल्या वाट्याची खतपत्रे त्यांनी इंद्रायणीत बुडविली असे परंपरा सांगते, हे मात्र तो चरण छापणाऱ्यांच्या फारसे ध्यानात नसावे.

त्याच अहवालाच्या पहिल्या पानावर, तुकोबांच्या चरणाखाली, वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना असते. तारीख, वेळ, स्थळ, विषयपत्रिका, आणि तळाशी बारीक टाइपात एक टीप. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने भरेल, व तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही. सूचना छापतानाच ही टीप छापलेली असते. अलीकडे मी ज्या ज्या संस्थांच्या सभांना गेलो, तेथे चिटणिसांनी घड्याळाकडे पाहून तो अर्धा तास चहात घालविला आणि मग कामकाज सुरू केले.