रीमा लागू : सिनेमाने तिशीतच आई केलं, टीव्हीवरच्या विनोदाने मात्र बरोबरीची जागा दिली

रीमा लागू म्हटलं की पहिल्यांदा काय आठवतं? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, सलमानची आई. 'मैंने प्यार किया'मधली मायाळू कौशल्या, 'वास्तव'मध्ये पोटच्या पोरावर गोळी झाडणारी शांता, 'कल हो ना हो'मधली शाहरुखची आई. दरवर्षी मदर्स डे आला की याच चेहऱ्याचे फोटो स्टेटसला आणि रीलमध्ये फिरतात.

पण ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात टीव्हीसमोर गेलं, त्यांना दुसऱ्याही रीमा लागू आठवतात. नवऱ्याचे उद्योग रोखून धरणारी 'श्रीमान श्रीमती'मधली कोकी आणि सुनेशी रोज नव्याने भांडण काढणारी 'तू तू मैं मैं'मधली देवकी. या बाईने हिंदी टीव्हीवरच्या विनोदाला काय दिलं, आणि त्या विनोदाने तिला काय दिलं, याची ही गोष्ट.

थोडक्यात ओळख

मूळ नाव : नयन भडभडे
जन्म : २१ जून १९५८
आई : रंगभूमीवरील अभिनेत्री मंदाकिनी भडभडे
शाळा : हुजूरपागा, पुणे
गाजलेल्या विनोदी मालिका : श्रीमान श्रीमती, तू तू मैं मैं
मराठीतली गाजलेली नाटकं : पुरुष, सविता दामोदर परांजपे
निधन : १८ मे २०१७, मुंबई

नयन भडभडेची रीमा लागू कशी झाली?

अभिनय घरातच होता. आई मंदाकिनी भडभडे मराठी रंगभूमीवरच्या नावाजलेल्या अभिनेत्री. 'लेकुरे उदंड जाली' या नाटकामुळे त्या खास ओळखल्या जायच्या. नयनने लहानपणी बालकलाकार म्हणून सिनेमात कामं केली. पुण्याच्या हुजूरपागेत शिकत असताना तिच्या अभिनयाची चुणूक शाळेतच दिसली होती.

पुढे मराठी अभिनेते विवेक लागू यांच्याशी लग्न झालं आणि नयन भडभडेची रीमा लागू झाली. काही वर्षांनी हे दोघं विभक्त झाले, पण पडद्यावरचं नाव रीमा लागू हेच राहिलं. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सारख्या आडनावामुळे अनेकांना त्या डॉ. श्रीराम लागू यांच्या मुलगी किंवा सून वाटतात. त्या मुलगीही नव्हत्या आणि सूनही नव्हत्या.

सुरुवातीच्या काळात त्या युनियन बँक ऑफ इंडियात नोकरीला होत्या. दिवसा बँक आणि संध्याकाळी नाटक. बँकांच्या आंतरबँक सांस्कृतिक स्पर्धांमध्येही त्या भाग घ्यायच्या. त्या काळात मराठी नाटकात काम करणाऱ्या अनेकांची गाडी अशीच चालायची. घर पगारावर चालायचं आणि हौस तालमीत भागायची.

सिनेमातली सुरुवातही हलकीफुलकी नव्हती. जब्बार पटेल यांचा 'सिंहासन' (१९७९), गोविंद निहलानी यांचा 'आक्रोश' (१९८०) आणि श्याम बेनेगल यांचा 'कलयुग' (१९८१) हे तिन्ही गंभीर सिनेमे. रंगभूमीवरही तेच. जयवंत दळवींच्या 'पुरुष' नाटकात नाना पाटेकर यांच्यासमोर त्यांनी अंबिका उभी केली. अत्याचार झालेली, पण हार न मानणारी शिक्षिका. शेखर ताम्हाणे यांच्या 'सविता दामोदर परांजपे'मधलं त्यांचं काम तर जुने नाट्यरसिक आजही विसरलेले नाहीत.

म्हणजे पुढे ज्या बाईने घराघरात हसू आणलं, तिचा पाया पक्का गंभीर नाटकाचा होता.

वय एकोणतीस, भूमिका हिरोईनच्या आईची

१९८८ साली 'कयामत से कयामत तक' आला. त्यात रीमा लागू जुही चावलाची आई होत्या. सिनेमा प्रदर्शित झाला तेव्हा त्यांचं वय होतं २९.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९८९ मध्ये, 'मैंने प्यार किया' आला आणि त्या सलमान खानच्या आई झाल्या. सलमान तेव्हा २४ वर्षांचा होता आणि त्याची पडद्यावरची आई ३१ वर्षांची. सिनेमा तुफान चालला आणि शिक्का बसला तो बसलाच. 'आशिकी', 'साजन', 'हम आपके हैं कौन', 'रंगीला', 'यस बॉस', 'कुछ कुछ होता है' अशी आयांची रांगच लागली.

कळस झाला तो महेश मांजरेकरांच्या 'वास्तव'मध्ये (१९९९). संजय दत्तचा जन्म जुलै १९५९ चा आणि रीमा लागूंचा जून १९५८ चा. पडद्यावरचे आई-मुलगा प्रत्यक्षात जेमतेम तेरा महिन्यांच्या अंतराने जन्मलेले. तरीही तो प्रसंग पाहताना कुणाला वयाचा हिशोब आठवत नाही. हे त्या अभिनयाचं यश.

त्यांच्याआधी हिंदी सिनेमातली आई बहुतेक पांढऱ्या साडीतली, आजारी किंवा शिवणयंत्रावर बसलेली असायची. रीमा लागूंची आई तरुण, नीटनेटकी आणि मुलाची मैत्रीण वाटणारी होती. या भूमिकांसाठी फिल्मफेअरच्या सहायक अभिनेत्री विभागात त्यांना चार नामांकनं मिळाली. पुरस्कार एकदाही नाही.

कौतुक भरपूर झालं, पण दार एकाच बाजूचं उघडलेलं होतं. तिशीतली बाई सिनेमात नायिका नसेल तर आई. मधलं काहीच नाही. ते मधलं टीव्हीवर सापडलं.

१९९४ : एक वर्ष, तीन रीमा

टीव्ही त्यांना नवा नव्हता. १९८५ मध्ये दूरदर्शनच्या 'खानदान' मालिकेत त्यांनी काम केलं होतं. पण खरा बदल झाला १९९४ मध्ये.

त्या वर्षी थिएटरात 'हम आपके हैं कौन' लागला. त्यात त्या माधुरी दीक्षित आणि रेणुका शहाणे यांच्या सोज्वळ आई होत्या. त्याच वर्षी टीव्हीवर 'श्रीमान श्रीमती' सुरू झाली आणि त्याच वर्षी 'तू तू मैं मैं'ही. थिएटरात मुलीची पाठवणी करताना रडणारी बाई घरी टीव्ही लावला की नवऱ्याला झापताना आणि सुनेला टोमणे मारताना दिसायची.

कोकी : शेजाऱ्याला आवडणारी कुलकर्णीबाई

'श्रीमान श्रीमती' ही अधिकारी ब्रदर्सची मालिका. दिग्दर्शक होते राजन वाघधरे. कल्पना एका ओळीची. शेजारी राहणारी दोन जोडपी आणि दोन्ही नवऱ्यांना दुसऱ्याचीच बायको आवडते.

केशव कुलकर्णी (जतीन कनाकिया) शेजारच्या सिनेनटी प्रेमा शालिनीवर (अर्चना पूरण सिंग) लट्टू. प्रेमाचा घरकाम करणारा नवरा दिलरुबा (राकेश बेदी) केशवच्या बायकोवर, म्हणजे कोकिळा ऊर्फ कोकीवर लट्टू.

ही कल्पना घसरायला वेळ लागत नाही. ती पूर्ण कुटुंबासोबत बसून पाहता आली, याचं मोठं श्रेय कोकीला जातं. रीमा लागूंनी कोकीला बावळट केलं नाही आणि बिचारीही केलं नाही. ती साडीतली, स्वयंपाकघरात रमणारी, पण घराची सूत्रं हातात असलेली मध्यमवर्गीय बाई होती. आणि मुख्य म्हणजे ती कुणालातरी आवडत होती. ज्या अभिनेत्रीला सिनेमाने आईच्या पलीकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे टीव्हीवरचा शेजारी चोरून पाहत होता.

या मालिकेचा वारसा अजून चालू आहे. २०१५ मध्ये सुरू झालेली 'भाबीजी घर पर हैं' याच साच्यातून आली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने 'श्रीमान श्रीमती' पुन्हा दाखवली, तेव्हा जन्मानंतर पहिल्यांदाच कोकीला पाहणारी नवी पिढी तयार झाली.

देवकी आणि राधा : नऊ वर्षांचं गणित

'तू तू मैं मैं'चे दिग्दर्शक सचिन पिळगांवकर. सासू देवकी म्हणजे रीमा लागू आणि सून राधा म्हणजे सुप्रिया पिळगांवकर. दोघींच्या मध्ये सापडलेले सासरे कुलदीप पवार आणि नवरा महेश ठाकूर. मालिका आधी डीडी मेट्रोवर आणि नंतर स्टार प्लसवर २००० पर्यंत चालली.

आता एक गंमत पाहा. जुही चावला, माधुरी दीक्षित आणि सुप्रिया पिळगांवकर या तिघींचा जन्म १९६७ चा. तिघीही रीमा लागूंपेक्षा नऊच वर्षांनी लहान. सिनेमाने या नऊ वर्षांच्या अंतरावर रीमा लागूंना जुही आणि माधुरीची आई केलं, म्हणजे नायिकेच्या मागे उभं केलं. टीव्हीने त्याच नऊ वर्षांच्या अंतरावर त्यांना सुप्रियासमोर उभं केलं. सासू म्हणूनच, पण तोडीस तोड. मालिकेचं नावच सांगतं की इथे 'तू' आणि 'मैं' दोघींना सारखी जागा आहे.

देवकी दुष्ट नव्हती. ती हट्टी, चलाख, मानापमानाला जपणारी आणि वेळप्रसंगी लहान मुलासारखी रुसणारी होती. राधाही गरीब गाय नव्हती. त्यामुळे आज कोण जिंकणार हे आधी कळायचं नाही आणि मजा त्यातच होती.

२००० साली ही मालिका संपली. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याच स्टार प्लसवर 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली. सासू-सून तीच, पण हसू गेलं आणि पार्श्वसंगीत वाढलं. पुढची अनेक वर्षं हिंदी टीव्हीवरच्या सासूच्या वाट्याला कारस्थान आलं. देवकी आज जास्त आठवते त्याचं हेही एक कारण आहे. २००६ मध्ये 'कडवी खट्टी मीठी'मधून ही जोडी परत आली, तर २०१३ मध्ये झी मराठीच्या 'तुझं माझं जमेना'त रीमा लागू पुन्हा सासू झाल्या. यावेळी सून होती मानवा नाईक.

त्यांचा विनोद वेगळा का होता?

जुने भाग यूट्यूबवर काढून नीट पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. हसवायचं म्हणून त्या कधी तोंड वेडंवाकडं करत नाहीत. देवकीसाठी तिचं भांडण अगदी खरं असतं. सुनेने परस्पर काही ठरवलं तर तिला मनापासून लागतं, आणि म्हणूनच बघणाऱ्याला हसू येतं.

दुसरी गोष्ट, थांबणं. समोरच्याचं वाक्य संपलं की त्या लगेच बोलत नाहीत. आधी बघतात. त्या एका नजरेत अर्धं उत्तर देऊन होतं, मग वाक्य येतं. ही नाटकाची शिकवण. प्रेक्षकाचं हसू पूर्ण होऊ द्यायचं आणि पुढचं वाक्य त्यावरच ठेवायचं.

मराठी नाटक न पाहिलेल्यांपर्यंत

व्यावसायिक मराठी नाटकाचं केंद्र मुंबई-पुणे. बाहेरगावचे प्रयोग व्हायचे तेही मुख्यतः मोठ्या शहरांत. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटसारख्या कापसाच्या बाजारपेठेच्या गावात राहणाऱ्याला 'पुरुष'मधली अंबिका पाहायची तर प्रवासच करावा लागणार. कोकी आणि देवकी मात्र अँटेना आणि केबलवरून थेट घरात यायच्या.

भाषाही आड आली नाही. वर्धा-नागपूर हा पट्टा पूर्वी मध्य प्रांतात होता, राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ मध्ये वर्ध्यातच स्थापन झाली. इथल्या मराठी माणसाच्या कानाला हिंदी सरावाची. त्यात हिंदी मालिकेतलं घर चक्क कुलकर्ण्यांचं, म्हणजे ओळखीचं. मराठी रंगभूमीवर घडलेली अभिनेत्री अनेकांना अशी हिंदीतून भेटली.

शेवटच्या दिवसापर्यंत काम

२०१६ मध्ये स्टार प्लसवर 'नामकरण' सुरू झाली. त्यात दयावंती मेहता ही कठोर, नकारात्मक भूमिका त्यांनी केली. ज्या चेहऱ्याला प्रेक्षक मायेचा चेहरा म्हणायचे, त्याच चेहऱ्याची आता भीती वाटायची.

१७ मे २०१७ रोजीही त्या याच मालिकेच्या शूटिंगवर होत्या. त्या रात्री त्यांच्या छातीत दुखू लागलं आणि त्यांना अंधेरीच्या कोकिलाबेन रुग्णालयात नेण्यात आलं. १८ मेच्या पहाटे हृदयक्रिया बंद पडून त्यांचं निधन झालं. वय होतं ५८.

मुलगी मृण्मयी लागू आज लेखिका-दिग्दर्शिका आहे. २०२० च्या 'थप्पड' या सिनेमाची ती सहलेखिका. घरात गृहीत धरल्या जाणाऱ्या बाईची ती गोष्ट.

त्या गेल्या तेव्हा बहुतेक बातम्यांचा मथळा 'बॉलिवूडची लाडकी आई' असा होता. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. सिनेमातली आई हिरोच्या गोष्टीत यायची, डोळे पुसायची आणि निघून जायची. कोकी आणि देवकीच्या गोष्टी त्यांच्या स्वतःच्या होत्या. तिथे त्या चिडायच्या, हरायच्या, डाव उलटवायच्या आणि पुढच्या भागात परत यायच्या. पुढच्या मदर्स डेला त्यांचा फोटो समोर आला, तर 'तू तू मैं मैं'चा एखादा भागही लावून बघा.